आमच्या अंगाला एक खिडकी

आमच्या हॉलच्या उत्तरेला जमिनीपासून छतापर्यंत सलग काच आहे. घरी येणारा प्रत्येक जण बसायच्या आधी तिचं कौतुक करतो. "वा, केवढी काच आहे हो!" म्हणतो. आणि दर वेळी माझ्या मनात येतं की याला चहा न देताच वाटेला लावावं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. पण तिथे काच नाही, दार हवं होतं, हे मला ठाऊक आहे. फार उशिरा ठाऊक झालं आणि आता ते ठाऊक असून काडीचा उपयोग नाही.

लातूरला आमचं जुनं घर होतं, त्याच जागेवर हे नवं बांधलं. जुनं म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या, मागे हौद, पुढे कधी न फुलणारा मोगरा. मी मूळची शिरूर अनंतपाळच्या बाजूची. शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली, लग्न झालं आणि त्या घरात आले. शेजारी आपा राहायच्या. त्यांची धाकटी जाऊ त्यांना आपा म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून त्या मला बाई म्हणायच्या. माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, त्यामुळे बाई म्हणूनही अगं-तुगंच. मला ते आवडायचं. बाकी सगळं जग मला अहो बाई म्हणत होतं.

त्यांच्या घरचा धंदा कूलरचा. होळी झाली की त्यांचं अंगण पत्र्याच्या पेट्यांनी आणि कूलरच्या गवताने भरून जायचं. त्या गवतावर पाणी मारून बघायचे तेव्हा असा ओला वास यायचा की आमच्या घरातसुद्धा गार वाटायचं. आपा त्या पसाऱ्यातून वाट काढत, कुणाला तरी रागावत, डोक्यावरचा पदर सावरत दिवसभर फिरत असायच्या. आवाज असा की गल्लीच्या टोकाला असलेला भाजीवाला आपोआप वळून यायचा.

दोन घरांमध्ये जुनी भिंत होती आणि ती एका जागी ढासळलेली होती. आम्ही त्याला पडकं म्हणायचो. ते बांधून घ्यायचं असं दोन्हीकडचे पुरुष दर उन्हाळ्यात म्हणायचे आणि पाऊस आला की विसरायचे. आम्ही दोघी त्यांना आठवण करून द्यायचो नाही. कारण त्या पडक्यातूनच आमचं सगळं चालायचं. विरजण तिकडून यायचं, कढीपत्ता इकडून जायचा. त्यांच्या नळाला पाणी आलं आणि आमच्या नाही, तर त्याच वाटेने पाइप यायचा. लातूरकराला पाण्याचं काय सांगायचं! ज्याने पाण्याचा पाइप भिंतीपलीकडे जाऊ दिला, तो सोयराच. दुपारी शाळेतून आले की मी पदराला हात पुसत पलीकडे, नाहीतर त्या इकडे. पुढच्या दाराने आपा आमच्याकडे कधी आल्याच नाहीत. पुढच्या दाराने यायचं म्हणजे बुरखा घालायचा, चप्पल घालायची, गल्लीतून यायचं. पडक्यातून यायला काही लागत नव्हतं.

माझ्या मुलाच्या वेळी दिवस भरले होते. हे बँकेच्या कामाला उदगीरला गेलेले. भर दुपारी कळा सुरू झाल्या. मी एक हाक मारली आणि आपा तशाच अनवाणी, कणकेच्या हातांनी त्या पडक्यातून आल्या. रिक्षात माझ्या साडीला त्यांची कणीक लागली होती, ती साडी मी नंतर कितीतरी दिवस धुतली नाही. 

हे निवृत्त झाले आणि घर बांधायचं ठरलं. मुलगा पुण्याला, तो फोनवरून घर बांधत होता. "आई, ओपन पाहिजे सगळं, लाइट पाहिजे." त्याच्याच ओळखीचा एक तरुण इंजिनिअर. त्याने नकाशा काढला तो चांगला होता, खोटं कशाला बोलू. आमच्या गल्लीचा रस्ता दर वेळी नवा केला की वर यायचा आणि जुनं घर खाली जायचं. मोठा पाऊस झाला की पाणी सरळ उंबरा ओलांडून चुलीपर्यंत. म्हणून नव्या घराचं जोतं त्याने चांगलं छातीएवढं उंच धरलं. आणि उत्तरेच्या भिंतीवर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, इथे दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर काचेचा सरकता दरवाजा, बाहेर ओटा आणि खाली उतरायला पायऱ्या. नाहीतर फुल हाइट खिडकी. उजेड दोन्हीत सारखाच. तुम्ही ठरवा."

उत्तर म्हणजे आपांची बाजू. मी तेव्हाच मनात ठरवलं होतं, दरवाजा. काचेचं दार सरकवायचं, ओट्यावर यायचं, पायऱ्या उतरायच्या आणि आपांच्या अंगणात. थंडीत त्या ओट्यावर ऊन येईल, आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसू, असं चित्र मी रंगवून ठेवलं होतं. औसा रोडवरच्या दुकानात जाऊन एका बोटाने सरकणारं दारसुद्धा पाहून आले. चार वेळा सरकवलं. दुकानदार म्हणाला, मॅडम, घरी नेऊन सरकवा आता.

पण ह्यांना दरवाजा नको होता. ह्यांचा जन्म बँकेच्या तिजोरीला कुलूप लावण्यात गेला, दार दिसलं की ह्यांना आधी चोर दिसतो. मग रुळात धूळ बसते, मग पाली येतात, मग उंदीर. चैत्रातल्या वाऱ्यात आपल्याकडे जी धूळ येते ती रुळात बसली की ते दार म्हैस बसल्यागत बसेल, मग उठवा! हे सगळं संपलं की घरातली दारं सम असावीत, हे एक दार वाढलं की विषम होतात, हा हुकमी पत्ता. मी म्हटलं, मग न्हाणीचं दार काढून टाका. तर दोन दिवस अबोला.

नणंद हदगावहून आली होती, ती वेगळंच बोलली. "बरं होईल वहिनी, आता चांगली उंच भिंत घ्या. पूर्वीचं सोडा, आता दिवस तसे राहिले नाहीत." मी तिला म्हटलं, "दिवस कसे आहेत ते मला सांगू नका. माझ्या बाळंतपणात दिवस कसे होते ते विचारा." ती गेली, पण ते वाक्य घरात राहिलं. अशी वाक्यं पाहुणे गेले तरी जात नाहीत.

बांधकामाच्या काळात आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने राहत होतो. इंजिनिअर म्हणाला, सामान उघड्यावर राहील, आधी कंपाउंडची भिंत घालून घेऊ. जुनी भिंत पाडली, पडकं तिच्याबरोबर गेलं. दाराचं ठरलं की नव्या भिंतीत तेवढी वाट सोडायची, असं मी धरून चालले होते. नव्या भिंतीचे दोन-तीन थर झाले असतील त्या सकाळी मी तिथे गेले. हातात नकाशा. आपा पलीकडून गवंड्यांसाठी चहाची किटली घेऊन आल्या होत्या. थराच्या पलीकडे उभ्या राहून त्यांनी भिंतीवर हात ठेवला.

"बाई, भिंत बांध. बांधायलाच पायजे," त्या म्हणाल्या. "पन आमच्या अंगाला एक खिडकी ठिव. समदं बंद नको करू."

"म्हणजे तुम्हाला खिडकी हवीय?" मी विचारलं.

"हाव. मोठी कायकू, बारकी बी चालंल मला."

माझ्या हातातल्या नकाशात त्याच गोष्टीवरून महिनाभर भांडण चाललं होतं. दार की खिडकी, दार की खिडकी. डोक्यात दुसरं काही नव्हतंच. मला वाटलं, आपांना दारापेक्षा खिडकी हवी. का हवी असेल, त्याचीही मी कारणं शोधली. सुना आल्या आहेत, घर भरलं आहे, सारखं येणं-जाणं त्यांना आता जमत नसेल. पण एकमेकींची तोंडं दिसावीत असं वाटत असेल. किती समजूतदार बाई, असं मला वाटलं. त्या ओट्याचं चित्र मी मोडलं. मन मोडायची सवय बाईला असतेच, म्हटलं त्यांच्यासाठी एवढं करू.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, "खिडकीच घ्या." ह्यांना लढाई जिंकल्याचा आनंद झाला. मी सांगितलं नाही की तुमच्यामुळे नाही म्हणून. फक्त एवढा हट्ट धरला की बारकी नाही, खालपासून वरपर्यंत पाहिजे. आपांनी एक खिडकी मागितली, ती द्यायची तर मनापासून द्यावी.

भिंत पुरी झाली, घर पुरं झालं, काच बसली. मी अधूनमधून जायचे तेव्हा आपा दिसायच्या. हात हलवायच्या. काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आपल्या मनासारखं झालंय म्हणून शांत आहेत.

वास्तुशांतीला आपा आल्या. पुढच्या फाटकातून, बुरखा घालून, चप्पल बाहेर काढून. हातात पाटावर ठेवायला एक स्टीलचा डबा, त्यात घरचे बेसनाचे लाडू. मी त्यांचा हात धरून त्यांना सरळ काचेपाशी नेलं. इतर बायका जेवायच्या गडबडीत होत्या. छातीएवढं जोतं आणि त्यावर आम्ही उभ्या, तेव्हा कंपाउंडची भिंत आमच्या पायाखाली राहिल्यासारखी होती. पलीकडे त्यांचं अख्खं अंगण. त्यांची धाकटी सून नुकतीच न्हाली होती, केस मोकळे सोडून उन्हात बसली होती. तिला आम्ही दिसत नव्हतो. दुपारच्या उजेडात बाहेरून काचेत काही दिसत नाही.

आपांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "समदं दिसतंय की गं."

आपांचा हळू आवाज मी तोपर्यंत कधी ऐकला नव्हता. तेवढ्यावरून तरी मला कळायला हवं होतं. पण मी आनंदात होते, मी म्हटलं, "मग! मुद्दाम तुमच्यासाठी ठेवली."

त्या काचेपासून वळल्या. जेवल्या, पान घेतलं, माझ्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्या फाटकातून गेल्या.

आठवडा झाला नसेल, एका सकाळी ठोकाठोकीचा आवाज आला. आपांचा मोठा मुलगा आणि दुकानातला कारागीर, दोघं कंपाउंडच्या भिंतीला लोखंडी अँगल लावून पत्रे ठोकत होते. कूलरच्या पेट्यांचे पत्रे, धंद्यातलेच. दुपारपर्यंत माझ्या काचेसमोर पत्र्याची भिंत उभी राहिली.

मला राग आला. असा राग आला की भाजी करपली. मी माझी हौस सोडली, नवऱ्याला जिंकू दिलं, आणि यांनी माझ्या तोंडावर पत्रे ठोकले! स्वतःच मागायची आणि स्वतःच झाकायची! नणंदेला फोन केला नाही, कारण ती काय म्हणेल ते ठाऊक होतं आणि त्या दिवशी मी तिच्याशी भांडू शकले नसते. जाऊन विचारावं असंही वाटलं. पण विचारायला जायचं तर पुढच्या फाटकातून जायचं, घंटी वाजवायची, कुणीतरी दार उघडणार, बसा म्हणणार. पडकं असतं तर मी हातातला झारा घेऊन गेले असते आणि विचारलं असतं, "काय हो आपा, डोकं फिरलं का?" चप्पल घालून असं भांडायला जाता येत नाही. चप्पल घालेपर्यंत माणूस विचार करतो आणि मग जात नाही.

मी जाड पडदा शिवून घेतला आणि काचेला लावला. पलीकडे पत्रे, अलीकडे पडदा, आणि मधल्या काचेला दिवाळीत पुसायचं. ह्यांनी एकदाच विचारलं, "एवढा खर्च करून अंधार केलास?" माझा चेहरा बघून पुन्हा विचारलं नाही.

भांडण म्हणावं असं काही झालं नाही. फराळाचं ताट जायचं, शीरखुर्मा यायचा, पण फाटकातून आणि मुलांच्या हाती. रस्त्यात भेटलो की तब्येतीची विचारपूस. त्यांचे मालक वारले तेव्हा मी गेले, दिवसभर बसले, आपांनी माझा हात सोडला नाही. पण त्या दिवशी खिडकीचं बोलणार कसं? नंतर बोलू म्हटलं. आपल्याकडे सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी नंतर बोलायच्या असतात. पुढे त्यांच्या मुलांनी नांदेडला दुकान टाकलं, मुलगी तिथेच दिलेली होती, आपांचे गुडघे गेले होते, आणि एका दुपारी टेम्पोत सामान भरून ते सगळे गेले. आपा पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. मी फाटकात उभी राहिले. "येते बाई," म्हणाल्या. मी म्हटलं, "या."

घर काही दिवस बंद होतं. मग मुलांनी ते विकलं. घेणाऱ्यांनी जेसीबी आणला आणि त्यांचं अंगण, न्हाणी, पेट्या ठेवायचं छप्पर, सगळं सकाळी होतं ते संध्याकाळी नव्हतं. पत्रेही गेले. थोडे दिवस माझ्या काचेतून लांबवरचं लिंबाचं झाड दिसलं, ते दिसतं हे मला माहीतच नव्हतं. मग त्यांचं बांधकाम वर आलं. कंपाउंडला चिकटून सरळ वर, माझ्या काचेसमोर गिलाव्याची भिंत, तिला ना खिडकी ना दार. पडदा मी काढून टाकला. लपवायचं काही उरलं नाही.

मागच्या हिवाळ्यात भाचीच्या मुलीचा साखरपुडा होता नांदेडला. आपांच्या मुलीचा नंबर माझ्याकडे होता, ती माझी विद्यार्थिनी, दर शिक्षकदिनाला न चुकता फोन करते. साखरपुडा आटोपला आणि मी ह्यांना म्हटलं, तुम्ही बसा गप्पा मारत, मी आपांना भेटून येते.

जुन्या वस्तीतलं मुलीचं घर, आपा आता तिच्याकडेच असतात. मुलगी दारातच भेटली. आत न्यायच्या आधी माझा हात धरून हळूच म्हणाली, "बाई, एक सांगायचं होतं. लातूरचं घर इकलं ते अम्मीला सांगितलं न्हाई. किरायानं दिलंय असं सांगितलंय. तिला ते सोसायचं न्हाई. तुम्ही काही बोलू नका." मी मान हलवली. असं खोटं मी आईशी बोलले असते का, असं क्षणभर वाटलं. बोलले असते.

आपा खाटेवर बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या, पण आवाज तोच. "या अल्ला, बाई आली!" म्हणून अशा ओरडल्या की मला हसू आलं आणि डोळेही भरले. बसले. गुडघ्यांचं झालं, ह्यांच्या शुगरचं झालं, माझ्या नातवाचं झालं. तेवढ्यात मुलगी स्वयंपाकघरातून मोठ्याने शेजारी कुणाला तरी म्हणाली, "भाभी, खिडकीसे आ जाव, लातूरके बाई आए!"

माझी नजर आपोआप खिडकीकडे गेली. खिडकीत कूलर बसवलेला. त्यातून कोण येणार? तर पलीकडच्या भिंतीत, फ्रीजच्या शेजारी, एक कमरेएवढं हिरवं दार उघडलं आणि एक बाई वाकून आत आली. डोक्यावर पदर, हातात सुपारीची ताटली, पाय अनवाणी. शेजारच्या घरातली, मुलीची जाऊ.

मला नमस्कार केला, बसली. मी त्या हिरव्या दाराकडे बघत होते. 

"आपा," मी विचारलं, "ह्याला तुम्ही काय म्हणता?"

"कशाला?"

"ह्या आत्ता आल्या त्या दाराला."

"खिडकी. दुसरं काय म्हणावं?"

"आणि ती?" मी कूलरकडे बोट केलं.

"ती बी खिडकीच. ती हवेची, ही मानसाची." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "काय झालं गं?"

सगळा जन्म मी मुलांकडून शब्दार्थ लिहून घेतले. एका शब्दाचे दोन अर्थ, वाक्यात उपयोग करा. आणि माझ्या शेजारणीने भिंतीवर हात ठेवून वाक्यात उपयोग करून दाखवला तो मला कळला नाही. मी नकाशात बघत होते.

"आपा, आमची भिंत बांधताना तुम्ही मला म्हणालात, खिडकी ठेव."

"म्हनले होते की." त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. "तू न्हाई ठिवलीस. जाऊ दे. लई दिस झाले त्याला."

"ठेवली ना! ती काचेची. मला वाटलं ती मागताय तुम्ही. मला तर दार हवं होतं आपा, काचेचं दार, पायऱ्या, तुमच्याकडे उतरायला. घरात भांडले होते मी दारासाठी. तुम्ही खिडकी म्हणालात म्हणून दार सोडलं."

 आपांनी कपाळावर हात मारला. खरोखर आवाज येईल असा मारला.

"मानसाची म्हनले होते गं मी! भिंतीत! तू-मी जायायला!"

"आता कळलं."

"मला वाटलं," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. जावेने सुपारी कातरायची थांबवली. "मला वाटलं, तुझ्या घरात नको म्हनले असतील. पोरगा मोठा झाला, पावनेरावळे बोलत असतील. दिवस बी तसलेच आलेत. म्हनलं, बाईला कायकू अडचनीत टाकावं? इचारायचं बी न्हाई. अन तू मला हाताला धरून काचंपाशी नेलीस अन म्हनलीस, मुद्दाम तुमच्यासाठी ठिवली. म्या म्हनलं, असू दे. बघायला ठिवली बाईनं. यायला न्हाई."

मी रडले. शाळेतली बाई, पांढरे केस, साखरपुड्याची जरीची साडी, आणि मी पदर तोंडाला लावून हुंदके देऊन रडले. तो राग, करपलेली भाजी, तो जाड पडदा, फाटकातून जाणारी फराळाची ताटं, सगळी वर्षं. एका वाक्याने मिटलं असतं. त्या येऊन सांगतील म्हणून मी थांबले आणि मला त्रास नको म्हणून त्या थांबल्या. दोघींनी एकमेकींचा मान राखला आणि मानानेच घात केला. नणंदेला मी घरात पुढे बोलू दिलं नव्हतं, पण तिचं ते वाक्य भिंतीपलीकडे आपांच्या मनात आधीच जाऊन बसलं होतं. त्यांनी ते ऐकलं नव्हतं, तरी बसलं होतं. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं, अजून वाटतं.

आपांनी मला रडू दिलं. मग पाठीवर थापटी मारली.

"बास की आता. रडती कायकू? झालं ते काय दगडावरची रेघ हाय का?" त्यांचा जुना आवाज परत आला. डोळे लकाकले. "काच हाय ना अजून?"

"आहे."

"मग काढ ती. दार बसीव तिथं. पायऱ्या कर, तुला पायजे तशा. भिंत तेवढी फोडावी लागंल. किरायदाराला मी सांगाया लावते पोराला, खिडकी करून राहिले, हरकत घिऊ नको म्हनून. घर आपलंच हाय, तो काय बोलतो? गुडघ्याचं आपरेशन झालं की मी येते. ऱ्हाते महिनाभर. माझ्या घरातून येते तुझ्याकडं, रस्त्यानं न्हाई."

मुलगी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती खाली फरशीकडे बघत होती. जाऊ उठून त्या हिरव्या दाराशी गेली आणि उगाच कडी बघत उभी राहिली. माझ्या डोळ्यांसमोर ती गिलाव्याची भिंत होती, कंपाउंडला चिकटून सरळ वर गेलेली. सकाळी दात घासताना मी रोज बघते ती.

"बोल की," आपा म्हणाल्या. "करतीस ना?"

"करते."

"मिस्त्री कवा लावतीस?"

"गेल्याबरोबर," मी म्हटलं, आणि मुलीने पुढे केलेला चहा घेतला.